आईवर उगारलेली काठी

माझी आई सत्तरीत काठीचा खेळ शिकायला लागली, आणि ते अख्ख्या एल तोकुयो गावात सगळ्यांत शेवटी मला कळलं. पोराला नेहमी शेवटीच कळतं म्हणतात, पण मी तर तिच्याच घरात राहतो, तिच्याच हातची कॉफी पितो! चीड आली मला. अजूनही थोडी आहे.

आमच्याकडे दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. मी बेकरीवाला. पहाटेपासून गूळ आणि बडीशेप घातलेले पाव भाजायचे, दुपारी भट्टी निवायला सोडायची आणि अंगणातल्या झोळीत तासभर आडवं व्हायचं, ही माझी एकुलती एक चैन. नेमक्या त्याच वेळी आई बाबांची जुनी टोपी डोक्यावर चढवून बाहेर पडायची.

"कुठे निघालीस गं?"

"प्रार्थनेला."

भर दुपारी? आमचा पाद्री त्या वेळी घोरत असतो, ते चौकापर्यंत ऐकू येतं. पण मी झोळीत पडून राहिलो. मग तिच्या हातांवर वळ दिसायला लागले, कोपरापासून मनगटापर्यंत, काळेनिळे.

"हे काय झालं?"

"शेळीने ढुशी दिली."

आमच्याकडे शेळी नाही. शेजारच्यांकडे होती, ती त्यांनी ईस्टरला खाल्ली, आणि आईने स्वतः दोनदा वाढून घेतली होती.

माझी बायको ओरालिया म्हणाली, "तुझ्या आईला कुणीतरी भेटलाय."

"काहीतरीच बोलू नकोस. सत्तरीची बाई आहे ती."

"म्हणून काय झालं? टोपी घालून जाते. बाई टोपी घालते ती कुणीतरी बघावी म्हणूनच."

"आणि हातावरचे वळ?"

"ते मला विचारू नकोस," ओरालिया म्हणाली आणि अशी हसली की त्या दुपारी मला झोप कसली लागते!

दुसऱ्या दिवशी मी आईच्या मागे निघालो. चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस भर उन्हात भिंतींच्या आडोशाने आईचा पाठलाग करतोय. लोकांनी पाहिलं असेल तर पाहिलं. आई उसाच्या शेतांच्या बाजूला वळली, ओढा ओलांडला आणि वस्ताद क्रिसांतोच्या वाडीत शिरली. क्रिसांतो विधुर आहे.

मातीच्या भिंतीवर पोट टेकवून मी आत डोकावलो. अंगणात जमिनीवर एक मोठा चौकोन आखलेला. एका कोपऱ्यावर आई उभी, उजव्या हातात काठी, डाव्या हातात बाबांची टोपी ढालीसारखी पुढे धरलेली. समोर ट्रॅक्टर चालवणारा विल्फ्रिदो, तिशीतला दांडगा गडी. त्याने काठी उगारली आणि आईच्या डोक्यापासून चांगली हातभर लांब, हवेत मारली.

"अरे, वार करतोयस की माश्या हाकलतोयस?" आई ओरडली.

"मेलिंदाबाई, लागेल तुम्हाला."

"लागू दे! माझं डोकं इथे आहे, इथे! तिकडे तर क्रिसांतोची कोंबडी आहे."

विल्फ्रिदोने पुन्हा मारली. पुन्हा कोंबडीच्या दिशेने. आईने काठी जमिनीवर आपटली. वस्ताद क्रिसांतो झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. मान न वळवता तो म्हणाला, "ए बेकरीवाल्या, भिंतीवरून उतर. भिंत माझ्या आजोबांची आहे, तुझं पोट तिला झेपायचं नाही."

मी खाली आलो, आणि दारातून आत गेलो. आईने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच चोरून काहीतरी करत होतो. चोराच्या उलट्या बोंबा!

"आई, हे काय चाललंय?"

"नवस फेडतेय."

"कुठला नवस?"

"तुझा."

आता माझ्या नवसाची गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी दोन वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो, डोळे पांढरे केले होते, पाद्रीला बोलावणं गेलं होतं. तेव्हा आईने गावच्या संताला, सान अंतोनियोला, नवस बोलला. तेरा जूनला, सान अंतोनियोच्या दिवशी, आमच्याकडे मूर्तीपुढे आधी काठीची लढाई होते आणि मगच नाच सुरू होतो. दोघं समोरासमोर येतात, ढोलाच्या ठेक्यावर एकाने वार करायचा, दुसऱ्याने अडवायचा, मग उलट. ज्याचा नवस असेल तो लढतो. मी वाचलो, त्या तेरा जूनला बाबा लढले, नवस फिटला. लहानपणापासून मी हेच ऐकत आलो होतो.

"बाबांनी फेडला ना तो?" मी म्हणालो.

"त्याने त्याचे पाय नाचवले. बोलले होते मी. मी म्हटलं होतं, माझं पोर मला ठेव, मी स्वतः काठी घेऊन तुझ्यापुढे उभी राहीन, खरी लढेन. सान अंतोनियो काय बहिरा आहे? त्याने बाईचा आवाज ऐकला आणि समोर आला मिशीवाला!"

"मग तेव्हाच का नाही लढलीस?"

"लढू दिलं कुणी? तेव्हाचा नाचाचा प्रमुख म्हणाला, बाईच्या हातात काठी शोभते ती झाडूची. तुझा बाप म्हणाला, मी फेडतो, एकच आहे. पाद्री म्हणाला, एकच आहे. मी मेली एकटीच म्हणत होते की एक नाही."

आता दिवस बदललेत, बायका लढतात, नाचाची प्रमुखच बाई आहे, निकानोरा नावाची. पण मग आई इतकी वर्षं थांबली, आणि आत्ताच काय सुचलं? हे मी विचारलं नाही, मला कळलं. उपासाच्या दिवसांत मी भट्टीपुढे चक्कर येऊन पडलो होतो. डॉक्टर म्हणाला, उष्णता आहे, वजन कमी करा, स्वतःचे पाव स्वतः खाऊ नका. आईने डॉक्टरचं सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर सान अंतोनियोची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. मला वाटलं, रागावली असेल. ती रागावली नव्हती, घाबरली होती. तिच्या हिशोबी सान अंतोनियोने पोर परत मागायला सुरुवात केली होती.

"डॉक्टर म्हणाला ना, उष्णता," मी म्हणालो.

"डॉक्टरला रक्तदाब दिसतो. नवस दिसतो का त्याला?"

वस्ताद क्रिसांतो उठला. वाळका माणूस, पण काठी हातात घेतली की त्याची पाठ सरळ होते. त्याने विल्फ्रिदोच्या हातातली काठी काढून घेतली आणि माझ्यापुढे धरली. काळपट, तुकतुकीत लाकूड, मुठीला चामड्याची वीण.

"धर," तो म्हणाला. "हिला खरा वार करायला कुणी तयार होत नाही. माझे खांदे आता वर जात नाहीत. खोटा वार घेऊन ही खोटा बचाव शिकतेय. तू ये."

"मी? माझ्या आईवर काठी उगारू?"

"मग कुणाच्या आईवर उगारणार?"

आईने टोपी पुन्हा पुढे धरली आणि कोपऱ्यावर पाय रोवला. मी काठी घेतली. का घेतली ते विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. मुठीची वीण कशी लागते ते बघावं, इतकंच मनात आलं.

मला सांगायला हवं की मी जन्मात काठी धरली नव्हती. काठी सोडा, दगडसुद्धा मारला नव्हता. माझ्या वयाची सगळी पोरं आंब्यावर चढली, ओढ्यात पोहली, चेंडूवरून डोकी फोडून घेतली. मी खिडकीत. मी नवसाचा. मला खरचटलं की आई आयोडिन घेऊन धावायची, गुडघा फुटला की मेणबत्त्या लावायची. शाळेत कुणी मला ढकललं तर दुसऱ्या दिवशी दारात आई उभी. मग कोण ढकलतोय? आणि कोण खेळायला घेतोय? गेल्याच वर्षी पाव कापताना माझं बोट कापलं, तर तिने मला दवाखान्यात न नेता आधी देवळात नेलं, रक्त टपटपत. बेकरीतली गिऱ्हाइकं अजून त्यावरून चिडवतात.

अशा माणसाला वस्तादने चौकोनात उभं केलं. चौकोनाचे कोपरे चार, माझे पाय दोनच, तरी त्यांचा मेळ बसेना. एक पाय पुढच्या कोपऱ्यावर, मग दुसरा बाजूच्या, मग वळायचं, आणि अंग काठीच्या मागून जायचं. माझं अंग काठीच्या आधी जायचं, पोट तर त्याच्याही आधी. घरी आल्यावर मी म्हणालो, क्रिसांतोचं अंगण एका बाजूला उतरतं आहे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ओरालिया म्हणाली. "आता तूही टोपी घालून जातोस का?"

"आईला सोबत म्हणून."

"हो, सोबतच. काल पीठ मळताना पाय कसले टाकत होतास? पीठ बिचारं घाबरलं."

खरं होतं ते. खेळ माझ्या अंगात शिरत नव्हता, पण डोक्यात शिरला होता. आणि तिथून हलेना. एक कोडं होतं. आईला माझा वार आधीच कळायचा. मी डावीकडून मारू की उजवीकडून हे माझंच ठरायच्या आत तिची काठी तिथे हजर. सत्तरीची बाई, चष्म्याशिवाय तिला डाळीतला खडा दिसत नाही! मी खांदा स्थिर ठेवून पाहिला, डोळे दुसरीकडे फिरवून पाहिले, एकदा तर डोळे मिटूनच मारलं. तिने तेही अडवलं आणि वर शिव्या दिल्या.

"आई, तुला कळतं कसं?"

"सांगणार नाही."

"अगं, मी मुलगा आहे तुझा."

"म्हणूनच सांगणार नाही. आत्तापर्यंत सगळं आयतंच दिलंय."

मी वस्तादला विचारलं. तो म्हणाला, "बघ की. डोळे कशाला दिलेत?" मग मी बघायला लागलो. काठी बघितली, मनगट बघितलं, कोपर बघितलं. शेवटी एका दुपारी आई आणि विल्फ्रिदोची पाळी चालू असताना मी झाडाखाली बसून फक्त जमिनीकडे बघितलं, आणि मला सापडलं. विल्फ्रिदो वार करायच्या आधी त्याची टाच किंचित सुटते. ज्या बाजूची टाच सुटते, त्याच्या उलट बाजूने काठी येते. मी उठून ओरडलोच, "पाय! पाय बघतेस तू!"

"चला," आई म्हणाली, "बेकरीवाल्याला जाग आली. तुझी टाच नाही सुटत हो, तुझा अंगठा चपलेतून वर येतो. डावा. लहानपणी खोटं बोलायचास तेव्हाही यायचा."

त्यानंतर मला नादच लागला. बेकरीत गल्ल्यावर बसून मी गिऱ्हाइकांचे पाय बघायचो. कोण घासाघीस करणार, कोण निघता निघता अजून एक पाव मागणार, कोण नुसतं गप्पा मारायला आलंय, पाय आधी सांगतात. देवळात पाद्रीचे पाय बघितले. ओरालियाचे बघायला गेलो तर ती म्हणाली, "लग्नाला वीस वर्षं होत आली, आज पाय दिसले का माझे?" पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मला इतकं काही जाणून घ्यावंसं कधी वाटलंच नव्हतं. चक्क सकाळी उठायला मजा यायला लागली.

एकच गोष्ट जमत नव्हती, आणि नेमकी तीच महत्त्वाची होती. माझा वार खरा नव्हता. विल्फ्रिदोसारखा हातभर लांब नसेल, पण शेवटच्या क्षणी माझं मनगट आपोआप वळायचं. काठी आईच्या डोक्याच्या रेषेत निघायची आणि बाजूला सरकायची. वस्ताद ओरडायचा, "खरा मार!" आई ओरडायची, "खरा मार रे!" मी म्हणायचो, हो. आणि मनगट वळायचं.

जूनच्या सुरुवातीला ते घडलं. आईने माझा अंगठा पाहिला, वार वरून येणार हे ओळखलं आणि काठी आडवी वर नेली, अगदी शिकवल्याप्रमाणे. मी मात्र भिऊन मनगट वळवलं. काठी वरून यायची ती तिरकी आली, तिच्या काठीला चुकवून थेट तिच्या खांद्यावर बसली. आवाज झाला. आई मटकन खाली बसली.

मी काठी फेकली. "बस झालं! मला नाही करायचं हे! फिटला नवस, नाही फिटला, गेला खड्ड्यात!"

वस्ताद आला, त्याने आईचा खांदा चाचपला, हाड शाबूत आहे म्हणाला. मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, चिडेल. तो अगदी शांतपणे म्हणाला, "खरा मारला असतास तर तिने अडवला असता. तू तिला वाचवायला गेलास म्हणून तिला लागलं."

मी आईला हात देऊन उठवलं.

घरी ओरालियाने पाल्याचा लेप करून आईच्या खांद्यावर बांधला आणि माझ्याकडे न बघता बेकरीत निघून गेली. तिचं न बघणं मला दोन थोबाडीत दिल्यासारखं लागलं. मी आईपाशी बसून राहिलो. ऊन दारातून आत सरकत होतं.

"आई, सोडून दे ना. सान अंतोनियोला काय, समजतं त्याला."

"त्याला समजेल. मला नाही समजत." तिने लेप नीट केला. "तुला वाटतं मी मरायच्या आधी नवस फेडायला निघालेय. गावालाही तेच वाटतं. म्हातारी देवाघरी जायची तयारी करतेय. तसं नाही रे. मी थकलेय."

"कशाने?"

"तुझ्या भीतीने. तू दोन वर्षांचा होतास तेव्हापासून रोज सकाळी उठते आणि आधी कान देते, तुझा आवाज येतोय का. तू शिंकलास की मी मेणबत्तीकडे धावते. तुझ्या बापाने माझ्या नावाने नवस फेडला, सगळे म्हणाले फिटला, पण मला कधी वाटलंच नाही की तू माझा झालास. मागून आणलेली वस्तू असते ना, शेजारणीची कढई, ती आपण कशी जपतो, चरा पडायला नको म्हणून? तसा जपला तुला. आंब्यावर चढू दिलं नाही. मला दिसत होतं तू खिडकीत बसतोस ते. मला काय दिसत नव्हतं?"

मी म्हणालो, "त्याचं काही नाही."

"आहे. खूप आहे. आता एकदा तरी मला तुझी आई होऊ दे, राखणदार नको. तेरा तारखेला खरा मार. मी अडवीन. आणि मी पण खरा मारीन, तू अडव."

"आणि नाही अडवला तर?"

"तर नाही अडवला," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

त्यानंतर आम्ही पुन्हा क्रिसांतोच्या अंगणात गेलो. खांद्यामुळे आई फार वेळ उभी राहू शकत नव्हती, पण वस्तादने मला सोडलं नाही. त्याने झाडाच्या फांदीला भोपळा टांगला आणि म्हणाला, हा फोड. मी फोडला. मग भोपळ्याच्या जागी स्वतः उभा राहिला, काठी छातीपुढे आडवी धरून. "आता हा." मी घाम पुसला, त्याच्या पायांकडे पाहिलं, आणि मनगट न वळवता मारलं. काठीवर काठी आदळली, माझ्या दातांपर्यंत झिणझिण्या आल्या. क्रिसांतो तसाच उभा, डोळ्यांत मिश्किल हसू.

"अजून जिवंत आहे मी," तो म्हणाला. "पुन्हा."

तेरा जूनला सकाळीच सान अंतोनियोला वाजतगाजत देवळाबाहेर आणलं. चौकात मांडव, मूर्तीपुढे फळं, मेणबत्त्या, आमच्या बेकरीचे पाव. प्रार्थना झाली, ढोल वाजायला लागला, चार तारांची छोटी गिटार सुरू झाली आणि निकानोराने लढाईला हाक दिली. जोड्या एकेक करून पुढे येत होत्या, लढत होत्या, मूर्तीपुढे काठ्या एकमेकींवर ठेवून बाजूला होत होत्या. मूर्तीपुढे कुणी कुणाला लागू देत नाही, हा नेम आहे. वार दाखवायचा, अडवायचा, गाणं पुढे जायचं. लोक खूश, मी मात्र घामाने निथळलेला.

आमची पाळी आली. आईने पांढरा ब्लाऊज, फुलाफुलांचा घागरा आणि दोऱ्यांच्या चपला घातल्या होत्या. ती मूर्तीपुढे गुडघ्यांवर बसली. गुडघे कुरकुरले, ते मला ऐकू आलं. नवस फेडणाऱ्याने तो मोठ्याने सांगायचा असतो. तिने सांगितला.

"सान अंतोनियो, उशीर झालाय, मला माहीत आहे. मला येऊ दिलं नाही, हे तुला माहीत आहे. या पोरासाठी बोलले होते. बघ, हा एवढा झाला. आज मी स्वतः आलेय."

गर्दीत हसण्याची लाट आली, कारण 'एवढा' म्हणताना तिने माझ्या पोटाकडे हात केला होता. मग ती उठली, कोपऱ्यावर आली, टोपी पुढे धरली आणि म्हणाली, "चल."

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही, पायांकडे बघितलं. आणि मारला. खरा. डोक्यावर. माझ्या आईच्या पांढऱ्या केसांच्या मधोमध निघालेली काठी, आणि मनगट वळलं नाही! खाट्! तिची काठी तिथे होती. पुन्हा उजवीकडून. खाट्! होती. खालून, गुडघ्यावर. होती. मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले. आमच्याकडे लोकांना नाच आणि लढाई यातला फरक कळतो. ढोलवाला पुढे झुकला. आई फिरत होती, कोपऱ्यामागून कोपरा, घागरा भिरभिरत होता, चेहरा लालबुंद. दुखऱ्या खांद्याने काठी वर नेताना ओठ आवळत होती, पण नेत होती. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पायांकडे बघायचं विसरलो आणि तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो. ही बाई माझी आई आहे, एवढाच विचार डोक्यात. आणि तेवढ्यात पाळी तिची झाली.

तिने मारला. खरा. तिला वाटलं, मी अडवीन. मी काठी उचललीच नाही.

भुवईच्या वर बसली. दुखलं नाही आधी, नुसतं गरम झालं, मग डोळ्यात काहीतरी उतरलं. माझी टोपी खाली पडली होती. हात लावला तर बोटं लाल. गिटार थांबली. ढोल थांबला. मागून कुणीतरी बाई किंचाळली, "रक्त! मूर्तीपुढे रक्त! नवस मोडला!" निकानोरा दोन्ही हात वर करून पुढे यायला लागली. ओरालिया गर्दी फोडत होती, "बाजूला व्हा, बाजूला व्हा!"

मी आईकडे पाहिलं. मला तिची धाव माहीत आहे. जन्मभर पाहिलेली आहे, खरचटलेल्या गुडघ्याकडे, कापलेल्या बोटाकडे, आयोडिनची बाटली घेऊन, चपला घालायच्याही आधी. मी वाट बघत होतो की ती आता काठी टाकेल आणि धावत येईल.

ती जागची हलली नाही. काठी हातात तशीच. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, नीट, भट्टीतला पाव भाजला का बघतात तसं, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता.

"मोडला कुठे?" ती निकानोराला म्हणाली. "साधी खोक आहे. पोरांना पडतात खोका." मग ढोलवाल्याकडे वळली. "तुम्ही रे का थांबलात? गाणं संपलंय का?"

ढोल पुन्हा वाजायला लागला. मी बाहीने डोळा पुसला, टोपी उचलली आणि कोपऱ्यावर पाय ठेवला.

"आता तरी माझ्या पायांकडे बघ, गाढवा," आई म्हणाली आणि काठी उचलली.